माझ्या पोटातलं पांढरं कापड

मी एक रिफ्लेक्टर. लग्नात नवरा-नवरीसमोर एक माणूस गुडघ्यांवर बसून मोठ्या परातीसारखं काहीतरी चकचकीत धरून असतो, आणि मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटतं की हा काही वाढायला आला आहे. ती परात म्हणजे मी. माझं काम उन्हाला अडवून माणसाच्या तोंडावर फेकणं. माझ्याबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो.

माझ्या कडेला एक पोलादी पट्टी आहे. तिला पिळलं की मी तीन वेढ्यांत गोळा होतो आणि पिशवीत बसतो. पिशवीतून काढलं की फट्टकन उघडतो आणि जवळच्या माणसाच्या नाकावर बसतो. यात माझा काही राग नसतो. उघडता सगळ्यांना येतो, मिटता कोणाला येत नाही. अनेक लग्नांत मी पाहिलं आहे, मला मिटायला सुरुवात एक माणूस करतो आणि शेवटी चार जण सल्ला देत उभे असतात.

माझी एक बाजू चंदेरी, दुसरी सोनेरी. खरं तर हे दोन्ही माझे कपडे. कडेला एक चेन आहे. ती पूर्ण उघडली तर सगळं कवच गादीच्या खोळीसारखं निघून येतं आणि आत पोलादी पट्टीवर ताणलेलं एक पातळ पांढरं कापड उरतं. हे सगळं माझ्या खोक्यावर चित्रांसकट छापलेलं होतं. ते खोकं दुर्गेशच्या आईने त्याच संध्याकाळी चुलीत घातलं.

दुर्गेश माझा मालक. तिरोड्याला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं फोटोचं दुकान आहे. लग्नं, बारशी, निरोप समारंभ, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला बोदलकसा तलावाची पाळ. मला धरायला त्याने भैयाजींना ठेवलं होतं. भैयाजी त्याचे सख्खे मामा. राइस मिलमधून निवृत्त झालेले, घरी बसून सुनेच्या कामात लक्ष घालणारे. सुनेनेच त्यांना दुर्गेशकडे पाठवलं असं म्हणतात.

भैयाजींना खर्रा लागायचा. डॉक्टरांनी बंद करायला सांगितला होता आणि त्यांनी तो केल्याचं घरात जाहीरही झालं होतं. माझी चेन त्यांनी पहिल्याच आठवड्यात बोटभर उघडली, आत सुपारी-तंबाखूची पुडी सरकवली आणि बंद केली. त्या चेनचा इतकाच उपयोग आहे अशी त्यांची खात्री झाली. दुर्गेशने तर ती पाहिलीच नव्हती. माझ्या पोटातल्या पांढऱ्या कापडाला दोन वर्षं फक्त खर्र्याचा वास माहीत होता.

दुर्गेशची फोटो काढायची एक रीत होती, आणि ती सगळ्या तालुक्याची होती. माणसाला उन्हाकडे तोंड करून उभं करायचं. बरोबर मधोमध. हात बाजूला, छाती पुढे. मग खालून मी. म्हणजे एक सूर्य वरून आणि एक खालून.

"डोळे उघडा ना भाऊ," दुर्गेश म्हणायचा.

"उघडेच हायेत बे," भाऊ म्हणायचा, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत असायचं.

उरलेलं काम कॉम्प्युटरवर. तिथे दुर्गेश माणसं साफ करायचा. मुरूम, वांग, तीळ, देवीचे व्रण, घाम, सगळं. हात फिरला की चेहरा नव्या बशीसारखा. कोणी सांगायचं नाही, पण कोणी तक्रारही करायचं नाही. साफ केलेला फोटो तो जुन्याच्या जागेवर ठेवून द्यायचा, म्हणजे कॉम्प्युटरवर गर्दी होत नाही. दुर्गेश आळशी नव्हता. त्याला मनापासून वाटायचं की आपण लोकांचं भलं करतो आहोत.

मार्चच्या एका दुपारी दुकानात एक म्हातारी आली. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावची, भागीरथाबाई. अंगाने वाळलेली, काळी, चपळ. काखेत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक फोटो. तिने तो काउंटरवर ठेवला आणि उघडला.

"हे कोन होय?"

दुर्गेशने लगेच ओळखला. "रुख्माबाई ना आजी. बोदलकशाच्या हेमराजभाऊची आई. गेल्या पावसाळ्यात वारल्या. मीच मोठा करून देलो होतो, नातीच्या लग्नातला."

"रुख्मा माही मोठी बहीन. हे रुख्मा नोहोय."

"होय ना आजी. नाक पहा, डोळे पहा."

"नाक त तुहंबी असंच हाये. मंग तू बी रुख्मा होय का?"

भैयाजी फोटोंच्या चौकटी पुसत होते, ते थांबले.

"कपारावरचं गोंदन कोठी हाये?" म्हातारीने विचारलं. "हनोटीवरचे टिपके कोठी हायेत?"

दुर्गेशने तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हाच प्रथम नीट पाहिलं. तिच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध ठिपक्यांची एक नाजूक कमान होती, हनुवटीवर ठिपक्यांचा त्रिकोण. रंग विटून हिरवट-काळा झालेला. सावळ्या कातडीवर तो दुकानाच्या उजेडात जेमतेम दिसत होता.

"ते... मले डाग वाटले आजी. साफ केले."

भागीरथाबाई स्टुलावर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर दुर्गेशला सोपं गेलं असतं.

"आमी दोघी एकाच दिशी बसलो होतो गोंदाले. ते पयले बसली. मी पाहूनच रडाले लागली. त तिनं तसंच रगत पुसत पुसत माहा हात धरला. जसं तिले, तसंच मले. गोंदनारीले मायनं सांगतलं होतं, दोघीचं सारखं पायजे, चुकामूक नोको." तिने फोटोवर बोट ठेवलं. "मरतानी हातातल्या पाटल्या काढून घेतेत. गऱ्यातलं काढून घेतेत. हे कोनाच्यानं निंगत नाही. हे संगं जाते. मरनानं नाही काढलं, अना तू काढून टाकला."

दुर्गेश कॉम्प्युटरसमोर बसला. जुना फोटो शोधला. नव्हताच तो. कॅमेऱ्याच्या कार्डावर शोधला, तिथे सौंदडचं एक लग्न होतं. हेमराजला मोबाइलवर फोन केला, त्याच्याकडेही साफ केलेलाच. तो उठला तेव्हा त्याचं तोंड आपल्याच फोटोंसारखं कोरं झालं होतं.

"आजी, जुना नाही राहिला."

म्हातारीने फोटो पुन्हा गुंडाळला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मंग माहा काढ."

"तुमचा?"

"आमचं एकच गोंदन होय. माह्या तोंडावर दिसलं का तिचं बी दिसते. आता त्या गोंदनाचं मानूस मी एकटीच हावो. पन दिसलं पायजे गा. नाही त मीबी मेल्यावर अशीच कोनी दुसरीच होऊन जाईन."

"उद्या येतो आजी. सकाळी लवकर. तेव्हा उजेड चांगला राहते."

"सकारी मोहा पडून रायला. मी झाडाखाली राह्यतो."

"मग संध्याकाळी."

"सांजच्याले बकऱ्या. बाराले ये."

"बाराचं ऊन डोक्यावर राहते आजी. फोटो चांगला नाही येत."

"मंग सूर्याले सांग बाजूले सरकाले," भागीरथाबाई म्हणाली आणि बस पकडायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर निघालो. दुर्गेश पुढे, भैयाजी मागे, मी भैयाजींच्या पाठीवर. जंगलाच्या कडेच्या वाडीत मोहाची झाडं पानगळ होऊन उभी होती आणि सगळीकडे गोडसर आंबूस वास होता. भागीरथाबाईचं घर कुडाचं, समोर शेणाने सारवलेलं लख्ख अंगण. ती नवं लुगडं नेसून तयार होती. सकाळी वेचलेल्या मोहफुलांची टोपली ओट्यावर तशीच होती. फोटोसाठी तिने फुलं वाळत घातली नव्हती, हे ती दोनदा म्हणाली.

दुर्गेशने आपल्या रीतीने सुरुवात केली. अंगणात मधोमध, उन्हाकडे तोंड. भैयाजी गुडघ्यांवर. मी चंदेरी बाजूने पूर्ण ताकदीने उजेड टाकला. मला माझ्या ताकदीचा अभिमान होता, हे सांगायला हरकत नाही.

"डोळे उघडा आजी."

"हे तवा हटव पयले."

कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर तिने फोटो पाहिला. कपाळ घासलेल्या पितळी हंड्यासारखं चमकत होतं. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. डोक्यातून मोहाचं झाड उगवलेलं. गोंदण नव्हतं.

"दिसते का?" तिने विचारलं.

"नाही," दुर्गेश म्हणाला.

मग सोनेरी बाजू. त्यात तिला हळद लागल्यासारखं झालं. मग उन्हाकडे पाठ. त्यात सगळं तोंडच काळं पडलं. मग भैयाजी जवळ, मग भैयाजी दूर. भैयाजींचा हात थरथरत होता, कारण बराच वेळ खर्रा मिळाला नव्हता. दर वेळी भागीरथाबाई पडद्यापाशी यायची, डोळे बारीक करून पाहायची, आणि परत जागेवर जाऊन उभी राहायची. हे तिचं परत जाऊन उभं राहणं दुर्गेशला सहन होईना.

"आजी, एक करतो," तो म्हणाला. "फोटो असाच घेतो, अना कॉम्प्युटरवर टिपके टाकून देतो. ओळखू बी नाही येणार."

"तू गोंदनारी होय का?"

भागीरथाबाई आत गेली आणि तिने दोघांना पाणी दिलं. मला कुडाला टेकवून ठेवलं होतं, तिथून मी वाऱ्याने पडलो, चंदेरी बाजू वर. दुर्गेश ओट्याच्या सावलीत बसून पडद्यावरचे फोटो एकेक करून पुसत होता. भैयाजी माझ्या चेनमधून पुडी काढून घरामागे गेले होते.

अशा वेळी भागीरथाबाई परत बाहेर आली आणि तिने ओट्यावरची टोपली उचलली. तिने मला पाहिलं. गोल, सपाट, स्वच्छ, तापलेलं. तिने विचार केला असेल किंवा नसेल, पण टोपली माझ्यावर उपडी केली आणि हाताने मोहफुलं सारखी पसरली.

मी बोलू शकलो असतो तरी काय बोललो असतो? वरून ऊन आणि खालून मी. मोहफुलं इतकी छान कुठेच वाळली नसती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कोणी डोळे मिटत नव्हतं.

भैयाजी परत आले आणि किंचाळले. "अबे दुर्गेश! तुह्या रिफ्लेक्टरवर त मोहा टाकला आजीनं!"

"मंग?" भागीरथाबाई म्हणाली. "रिकामाच पडून होता."

फुलं झटकली तर खाली माझा पृष्ठभाग चिकट झालेला, फुलांच्या रसाचे पिवळे वाटोळे डाग, आणि मुंग्यांची पहिली तुकडी आलेली. दुर्गेशने एकदा फुंकर मारून पाहिली. त्याचा चांगला दिवस नव्हताच.

"धुवून देतो ना," भागीरथाबाई म्हणाली. तिने मला उचललं, कड चाचपली. तिला चेन सापडली. खोळ आहे म्हटल्यावर ती काढूनच धुवायची, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने चेन ओढली. पहिल्या बोटभर अंतरात खर्र्याची आणखी एक पुडी पडली. मग जुन्या पुड्यांचे प्लास्टिकचे कागद. भैयाजी आकाशाकडे पाहू लागले.

"मामाजी," दुर्गेश म्हणाला, "तुमी त सोडलं होतं ना?"

"सोडलंच होतं. तठी ठेवून सोडलं होतं."

चेन पूर्ण फिरली. कवच निघून आलं. आणि मी, म्हणजे माझ्या आतला मी, पहिल्यांदा उघड्यावर आलो. पांढरा, पातळ, थोडा खर्र्याच्या वासाचा. मला लाज वाटली. चमक म्हणून काही नव्हतंच माझ्यात.

भागीरथाबाईने कवच हंड्याच्या पाण्यात घोळून कुंपणावर टाकलं आणि दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. हात ओले, पदर सरकलेला, दमलेली. ऊन बरोबर तिच्या डोक्यावर होतं. भैयाजींना आपल्या पुड्यांची शरम होती आणि काहीतरी चांगलं करून दाखवायची घाई होती. त्यांनी मला उचललं आणि छत्रीसारखं तिच्या डोक्यावर धरलं.

"ऊन लागते आजी," ते म्हणाले.

आता काय झालं ते मी नीट सांगतो, कारण ते मीच केलं आणि मला ते करता येतं हे मलाही माहीत नव्हतं. ऊन माझ्यावर आपटलं आणि थांबलं नाही, परतही फिरलं नाही. ते माझ्यातून हळूहळू खाली उतरलं. त्याची धार गेली. भागीरथाबाईच्या डोळ्यांखालचे खड्डे निवले. कपाळावरची चमक विझली. आणि जिथे चमक होती तिथे, कातडीच्या आतून वर आल्यासारखी, ठिपक्यांची ती कमान दिसू लागली. मग हनुवटीवरचा त्रिकोण.

दुर्गेश उठून उभा राहिला.

उभं राहून त्याला तिचा चेहरा दिसेना, मी मध्ये येत होतो. म्हणून तो अंगणात खाली बसला, मांडी घालून, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. माणसाच्या समोर बसून फोटो काढण्याची ही त्याची पहिली वेळ. दाराचा खांब तिच्या डोक्यातून उगवत होता, तर तो बसल्या बसल्याच थोडा डावीकडे सरकला. आता तिच्या मागे फक्त घराच्या आतला काळोख होता, मऊ आणि मोकळा. ती मधोमध नव्हती, एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी राहिली. पूर्वी त्याने ती कापून टाकली असती.

"हलू नका मामाजी. अजिबात."

"हलून नाही रायलो."

खरंच नव्हते हलत. खर्रा मिळाला होता.

"आजी," दुर्गेश म्हणाला. हसा म्हणाला नाही, डोळे उघडा म्हणाला नाही. "गोंदताना रुख्माबाईनं तुमचा हात कोणता धरला होता?"

भागीरथाबाईने आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग डावा हात थोडा उचलला, आणि वर पाहिलं. तेव्हा त्याने फोटो काढला.

कॅमेरा घेऊन तो तिच्याजवळ उंबऱ्यावर बसला. तिने पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ओलं बोट पडद्यावरच्या हनुवटीला लावलं आणि एकेक ठिपका तपासला, गोंदणारीने काम नीट केलं की नाही ते पाहावं तशी.

"आली," ती म्हणाली.

"कोण, आजी? तुमी?"

"रुख्मा," भागीरथाबाई म्हणाली. "मी त अठीच हावो."

दुर्गेशने फोटोच्या दोन प्रती केल्या. कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याला हात लावला नाही. एकदा सवयीने बोट गेलं होतं, डाव्या गालावर एक वांग होता तिथे. ते त्याने मागे घेतलं. एक प्रत भागीरथाबाईच्या घरी. दुसरी घेऊन ती, तो आणि भैयाजी बोदलकशाला गेले. भैयाजींनी मलाही पाठीला लावून नेलं, का ते मला कळलं नाही.

हेमराजने भिंतीवर आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकला, पण त्याचा हात अडत होता. "मावशी, जित्या मानसाचा फोटो मेलेल्याच्या बाजूले कोनी लावते का? लोक काय म्हनतीन?"

"हार नोको घालू म्हनजे झालं."

"पन कायले?"

"तुही माय त्या फोटोत कोरी होऊन रायली. तिचं गोंदन माह्याजवर हाये. पोरं आजीले पाहाले येतीन त दोनी फोटो संगं पाहतीन. तोंड तिचं घे म्हना, गोंदन माह्यावरून घे म्हना. अना मी मेल्यावर हार घाल. मंग बराबर होऊन जाईन."

हेमराजने फोटो लावला. दोन बहिणी शेजारी शेजारी. एक गोरी, कोरी, उन्हाने डोळे बारीक केलेली. दुसरी काळी, ठिपक्यांची, डावा हात थोडा उचललेली, आणि तिच्या बाजूची रिकामी जागा बरोबर पहिलीकडे. दुर्गेश दारातच उभा होता. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

आता माझी सद्यस्थिती. माझं चंदेरी-सोनेरी कवच भागीरथाबाईच्या अंगणात आहे. ते धुऊनही चिकटच राहिलं आणि मुंग्यांनी त्याचा पत्ता सोडला नाही, म्हणून दुर्गेशने ते तिलाच देऊन टाकलं. त्यावर मोहा वाळतो, पुढे चिंच वाळेल, पावसाळ्यात ते बकरीच्या पिल्लांवर टाकलं जाईल. पोलादी पट्टी आणि पांढरं कापड दुर्गेशकडे. त्यामुळे मी नेमका कुठे आहे, हे मला सांगता येत नाही. मिटायला मात्र आता सोपा झालो आहे. दोन माणसं पुरतात.

दुकानात कोणी आलं की दुर्गेश पूर्वी काही विचारायचा नाही. आता विचारतो, "चेहऱ्यावरचं काय काय ठेवू?" गिऱ्हाइकं गोंधळतात. एका नवरीने बराच विचार करून सांगितलं की भुवईवरची खूण ठेवा, लहानपणी विटीदांडू खेळताना भावाची विटी लागली होती. भैयाजींनी खर्रा खरोखर सोडला आहे, कारण माझ्यात आता ठेवायला जागा नाही. असं ते म्हणतात.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. तुमच्या घरात अशी एखादी बाई असेल जिच्या चेहऱ्यावर असं काही आहे जे आता दुसऱ्या कोणाच्याच चेहऱ्यावर नाही, तर तिचा फोटो काढा. चांगल्या उजेडाची वाट पाहू नका. सकाळी ती मोहाखाली असेल, संध्याकाळी बकऱ्यांमागे. ती बाराला ये म्हणाली तर बाराला जा. सोबत एक पांढरं कापड न्या. ते तिच्या डोक्यावर धरा, आणि तिच्यासमोर खाली बसा.